गॅलरीत आडोसा हवाय? उंच झाडं निवडण्याआधी स्लॅब, ऊन आणि वाऱ्याचा हिशोब समजून घ्या

सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत यावं आणि समोरच्या बिल्डिंगमधले काका दात घासत थेट आपल्याकडेच बघत असावेत. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात राहणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. दोन इमारतींमधलं अंतर कमी, खिडकीसमोर खिडकी, आणि गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची, अभ्यासाची, फोनवर बोलायची, कधीकधी झोपायचीही जागा. मग कुणीतरी हिरवं शेडनेट लावतं, कुणी जुनी चादर बांधतं. आणि हल्ली रील्स बघून बरेच जण ठरवतात, चार उंच झाडं आणू, कुंडीत लावू, आपोआप पडदा तयार होईल.

होतो. पण आपोआप नाही. चुकीचं झाड आणलं तर दोन महिन्यांत काड्या उरतात, आणि चुकीची कुंडी आणली तर प्रश्न फक्त झाडाचा राहत नाही. त्यामुळे नर्सरीत जाण्याआधी काही गोष्टी घरीच बघून घ्यायला हव्यात.

नेमकी किती उंची हवी?

बहुतेक जण इथेच चुकतात. 'जितकं उंच तितकं चांगलं' म्हणून आठ-दहा फुटांचं झाड आणतात. प्रत्यक्षात गरज बरीच कमी असते.

एक साधा हिशोब करूया. समजा तुमची गॅलरी चार फूट खोल आहे आणि समोरची इमारत तुमच्या कठड्यापासून वीस फुटांवर आहे. तुम्ही गॅलरीच्या दाराशी उभे आहात, डोळे जमिनीपासून पाच फुटांवर. समोरची व्यक्ती तुमच्याच मजल्यावर असेल तर कठड्यापाशी पाच फुटांचा आडोसा पुरतो. ती एक मजला वर असेल, म्हणजे साधारण दहा फूट उंचावर, तर तिची नजर तिरकी खाली येते. तेव्हा कठड्यापाशी सुमारे पावणेसात फूट उंची लागते. दोन मजले वर असेल तर सव्वाआठ फुटांच्या पुढे. पण तिथपर्यंत येता येता तुमच्या वरच्या गॅलरीचा स्लॅबच बराचसा आडोसा करतो, त्यामुळे झाडाने तेवढं उंच व्हायची गरज क्वचितच पडते.

आणि तुम्ही खुर्चीत बसणार असाल, तर डोळे साडेतीन फुटांवर येतात. मग एक मजला वरून बघणाऱ्यासाठीही साडेपाच फूट पुरे.

यात कुंडीची उंचीही धरायची. दीड फुटाच्या कुंडीत पाच फुटांचं झाड म्हणजे साडेसहा फूट झालेच. शिवाय खालचे तीन-साडेतीन फूट कठडा झाकतोच. म्हणजे पान दाट हवं ते साडेतीन ते साडेसहा फुटांच्या पट्ट्यात. बुंध्यापासून दाट असणारं महागडं झाड कशाला घ्यायचं?

आधी स्लॅब, मग झाड

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आपल्या भागात तो टाळता येत नाही. 28 मे 2021 रोजी उल्हासनगरमध्ये साईसिद्धी इमारतीचा स्लॅब कोसळून सात जणांचा जीव गेला. त्याच्या दोनच आठवडे आधी शहरातल्याच मोहिनी पॅलेस इमारतीत स्लॅब पडून माणसं दगावली होती. या दुर्घटना कुंड्यांमुळे झाल्या नव्हत्या, हे स्पष्ट करायला हवं. पण नव्वदच्या दशकात घाईघाईने उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दर्जाची चर्चा तेव्हा शहरभर झाली, आणि त्या वयाच्या कितीतरी इमारती आजही तिन्ही शहरांत उभ्या आहेत. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करणं महापालिका कायद्यानुसार बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीचं झालंय का, हा प्रश्न झाड आणण्याच्या निमित्ताने विचारला तरी हरकत नाही.

आता वजनाचं गणित. अठरा इंची कुंडीत साधारण 45 लिटर माती मावते. आपल्याकडे सर्रास मिळणारी लाल माती पावसात पूर्ण भिजली की लिटरमागे दीड किलोच्या वर जाते. म्हणजे एक भरलेली कुंडी सत्तर-पंचाहत्तर किलोची, एका मोठ्या माणसाएवढी. अशा सहा कुंड्या कठड्याला लावून ओळीने ठेवल्या, तर गॅलरीच्या टोकाला सहा माणसं चोवीस तास, बारा महिने उभी आहेत असं समजा. अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम असेल तर एकटाच दीडशे किलोच्या पुढे जातो.

भारतीय मानकानुसार घराच्या बाल्कनीचं डिझाइन करताना दर चौरस मीटरला साधारण 300 किलो वापराचा भार धरतात. गच्चीसाठी, जिथे माणसं जाऊ शकतात अशा, हा आकडा निम्मा, म्हणजे सुमारे 150 किलो आहे. हे वाचून मलाही आश्चर्य वाटलं होतं. आपण समजतो की गच्ची भक्कम, तिथे काहीही ठेवा. उलट आहे.

कागदावर चार बाय दहा फुटांच्या गॅलरीचा एकूण भार हजार किलोच्या वर निघतो आणि सहा कुंड्या सहज बसतात. पण हे गणित नव्या, नीट बांधलेल्या गॅलरीचं आहे. गॅलरी एका बाजूने भिंतीला धरलेली आणि दुसरीकडे अधांतरी असते. तिच्या टोकावर ठेवलेलं वजन सगळ्यात जास्त ताण देतं. सळ्या गंजल्या असतील, खालून प्लास्टर सुटलं असेल, स्लॅबला तडा असेल, तर ते 300 किलो विसरून जा. अशा गॅलरीत एकही मोठी कुंडी ठेवू नका. आधी इंजिनिअरला दाखवा.

बॉक्स ग्रीलचंही तसंच. ती भिंतीला चार-सहा बोल्टवर टांगलेली असते. त्यावर तुळस, कोरफड ठीक. अरेका पाम नाही. आणि कठड्याच्या कट्ट्यावर तर कुठलीच कुंडी नको. खाली रस्ता असतो, माणसं असतात.

वजन कमी करता येतं का? हो, बऱ्यापैकी. नुसत्या मातीऐवजी एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण केलं की वजन निम्म्याच्या आसपास येतं. तळाशी विटांचे तुकडे आणि खडी घालायची जुनी सवय सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, फक्त वजन वाढतं. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की काम होतं. सिमेंटच्या कुंड्या दिसायला भारी, वजनालाही भारी. प्लास्टिक किंवा फायबरची घ्या. भार मात्र टोकाला न ठेवता शक्य तितका भिंतीच्या बाजूला, कोपऱ्यांत सरकवा. पूर्ण कठडा झाकण्यापेक्षा समोरच्याची नजर जिथून येते तेवढाच कोन झाकला तरी आडोसा मिळतो.

ऊन कुठून येतं?

इथे माझीच गोष्ट सांगते. आमची गॅलरी पश्चिमेला. दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये मी चार सुंदर, साडेपाच फुटी अरेका पाम आणले. नर्सरीत शेडनेटखाली हिरवेगार होते. विकणाऱ्याने सांगितलं, कुठेही ठेवा. आठ दिवसांत पानं आधी पिवळी, मग पांढरट, मग कागदासारखी कोरडी. आई रोज सकाळी त्यांच्याकडे बघून फक्त 'हं' म्हणायची.

चूक झाडाची नव्हती. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात समुद्राचा वारा मुंबईइतका पोहोचत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बातम्यांत बदलापूरचं नाव येतंच. त्यात पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी दोन ते सहा थेट ऊन, तापलेली लादी आणि शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटची गरम हवा. सावलीत वाढलेलं कुठलंही झाड तिथे भाजून निघणार.

म्हणून पश्चिम किंवा दक्षिणेला कण्हेर, जास्वंद, टेकोमा, कुंती म्हणजेच कामिनी, यांचा विचार करा. उत्तरेला किंवा समोरच्या इमारतीच्या सावलीत असाल तर अरेका, रॅपिस पाम, ड्रेसिना. पूर्वेची गॅलरी असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळचं कोवळं ऊन जवळपास सगळ्यांना चालतं.

नवं झाड आणलं की लगेच उन्हात ठेवू नका. पहिला आठवडा आतल्या बाजूला, मग हळूहळू पुढे. दोन-तीन आठवड्यांत ते सरावतं. आणि खरेदी एप्रिलमध्ये नकोच. पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये लावलेलं झाड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुळं धरतं.

कुठलं झाड कसं वागतं?

अरेका पाम हा सगळ्यांचा लाडका. मूळचा मादागास्करचा, एकाच कुंडीत अनेक खोडं, कारंज्यासारखी पानं. अर्धसावलीत, मोठ्या कुंडीत सहा-सात फूट सहज होतो. पानांची टोकं तपकिरी पडली तर बहुतेक वेळा पाण्यातल्या क्षारांचा दोष असतो. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण झाडांना घालतो, पण त्यात क्षार जास्त असतात. अरेकाला ते रोज घालू नका. लादी पुसायला वापरा.

बांबूबद्दल सोशल मीडियावर खूप प्रेम आहे आणि ते समजण्यासारखं आहे. दाट, सरळ, वाऱ्यात सळसळणारा. बेटाने वाढणारा, बारीक पानांचा हेज बांबू मागा, जाडजूड पिवळा बांबू कुंडीसाठी नाही. मात्र बांबूला तहान फार. मे महिन्यात अठरा इंची कुंडीतल्या बांबूला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागू शकतं. तिन्ही शहरांत उन्हाळ्यात पाणी कधी येईल आणि किती येईल याची आपल्याला सवय आहेच. चार बांबू म्हणजे रोज एक बादलीहून जास्त. घरात माणसं पाण्यासाठी थांबलेली असताना ती बादली गॅलरीत जाणार का, हे आधी घरच्यांशी बोलून ठरवा. शिवाय पानगळ. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बांबूची पानं पडली की पुढचा संवाद व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतो.

कण्हेर हे माझ्या मते आपल्या उन्हासाठी सगळ्यात प्रामाणिक झाड. ऊन सोसतं, पाणी चुकलं तरी रुसत नाही, सहा-आठ फूट होतं, वर्षाचा बराच काळ फुलतं. पण त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, खोड, सगळंच. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर कण्हेर नको. छाटणी करताना हातमोजे घाला.

ज्यांना हे नको त्यांनी कुंती घ्यावी. हळू वाढते, पण पान दाट आणि पाऊस पडल्यावर येणारी पांढरी फुलं अख्खा मजला सुगंधित करतात. जास्वंद वेगाने वाढते, देवाला फूलही मिळतं, पण पिठ्या ढेकूण हमखास येतो. पांढरा कापसासारखा थर दिसला की पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल. सोनचाफ्याचं कलम मोठ्या कुंडीत चांगलं येतं. आडोसा विरळ होतो, पण वासासाठी लोक तेवढं माफ करतात.

सरळ, खांबासारखा वाढणारा 'अशोक' नर्सरीत नक्की दाखवतील. तो खरा सीता अशोक नाही. दोन्ही झाडं वेगळी. हा उंच अशोक मुळात मोठा वृक्ष आहे. ड्रममध्ये दोन-तीन वर्षं टिकतो, मग मुळं कोंडतात आणि खालची पानं झडून वर फक्त शेंडा उरतो. सोसायटीच्या आवारात जमिनीत लावा, गॅलरीत नको.

फायकसच्या जातींपासूनही थोडं लांब राहा. जागा बदलली की पानं गाळतात आणि मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर पडून लादीच्या फटी शोधतात. वड-पिंपळाच्या घराण्यातली सवय आहे ती.

आणि कोनोकार्पस. झटपट वाढतो, स्वस्त मिळतो, हिरवी भिंत करतो म्हणून त्याची मोठी चलती झाली. गुजरात सरकारने 2023 मध्ये पर्यावरण आणि आरोग्यावरच्या परिणामांचं कारण देत त्याच्या लागवडीवर बंदी घातली. इतके पर्याय असताना तो घ्यायचं काही कारण नाही.

उंची झाडाची नको, जाळीची घ्या

वजनाचं गणित वाचून वाटलं असेल, मग करायचं काय? माझं उत्तर वेल. जुन्या इमारतीत तर वेलच.

विचार करा, पाच फुटांचं झाड उभं राहायला मोठी कुंडी लागते, कारण त्याला स्वतःचा तोल सांभाळायचा असतो. वेलीला तोल जाळी देते. गोकर्ण बारा इंची कुंडीत मजेत वाढते. अशा कुंडीत चौदा लिटरच्या आसपास माती, हलकं मिश्रण घातलं तर ओली असतानाही वजन बारा-पंधरा किलो. दोन कुंड्यांमध्ये सहा फुटांची जाळी बी पेरल्यापासून दोन-तीन महिन्यांत भरते. त्याच कामासाठी अरेकाचे तीन डेरेदार रोप लागले असते.

कृष्णकमळ आणखी वेगवान. मधुमालती सुंदर, पण दोन वर्षांत इतकी जड होते की दर पावसाळ्यानंतर निर्दयपणे छाटावी लागते. जाईला ऊन हवं. आणि फुलांपेक्षा पोटाचा विचार करणाऱ्यांसाठी तोंडली. दाट पानं, वर्षानुवर्षं टिकणारी वेल, आणि भाजीही. वाल, दोडका, कारली यांचा पडदा हंगामी असतो, चार महिने हिरवा, मग पिवळा. पण ज्यांना जून ते ऑक्टोबर एवढाच आडोसा हवा त्यांना तो पुरतो.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर पडदा वेल, म्हणजे कर्टन क्रीपर, उंचावर ठेवून खाली सोडता येते. फक्त ती तुमच्याच गॅलरीच्या आत लोंबू द्या. खालच्यांच्या खिडकीवर उतरली की तो त्यांचा पडदा होतो, आणि त्यांनी तो मागितलेला नसतो.

कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर वेल चढवायचा मोह होतो. हलकी गोकर्ण चालेल. मधुमालती भिजली की ती जाळी हुकांसकट खाली ओढते. बांबूच्या काठ्या सुतळीने बांधून केलेली चौकट जास्त भरवशाची. ती ग्रीलला बांधा, कुंडीत खोचू नका.

दाट पडद्याचा एक तोटाही आहे, वारा अडतो. गॅलरीमागच्या खोलीला तीच एक खिडकी असेल तर उकाडा वाढेल. मधे हातभर फट सोडा. समोरचा त्या फटीतून बघत बसणार नाही, आणि बसलाच तर प्रश्न झाडांचा नाही.

वारा आणि पाऊस

मे अखेरचा वळीव आणि जूनचा पहिला जोर, या काळात उंच झाडं सगळ्यात जास्त पडतात. पानांचा पसारा शिडासारखा वारा पकडतो आणि हलकी प्लास्टिकची कुंडी उलटते. म्हणजे हलकं केलेलं वजन इथे आड येतं. उपाय वजन वाढवणं नाही, बांधणं आहे. झाडाच्या दोनतृतीयांश उंचीवर सुतळी किंवा जुन्या ओढणीची पट्टी सैलसर घालून आतल्या ग्रीलला बांधा. तार नको, खोड कापते. उंच-निमुळत्या कुंडीपेक्षा रुंद बुडाची चौकोनी कुंडी जास्त स्थिर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेंडे छाटले की पसाराही कमी होतो.

उल्हास किंवा वालधुनी नदीजवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळीच अडचण. 26 जुलै 2005 आठवत असेल, किंवा 27 जुलै 2019, जेव्हा बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. पुरात हलक्या कुंड्या तरंगत जातात. तिथे जमिनीत लावता येत असेल तर जमिनीतच लावा.

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून घासली की साखळी तुटते. पावसाळ्यात बश्या काढूनच ठेवल्या तर उत्तम, पण मग गळणारं पाणी खालच्या गॅलरीत जाणार नाही हे बघा. कुंड्या विटेवर किंवा स्टँडवर दोन इंच उचलून ठेवा, म्हणजे लादी कोरडी राहते आणि कुठे तडा, ओल, सुटलेलं प्लास्टर आहे का ते दिसतं. दर दिवाळीच्या साफसफाईत कुंड्या सरकवून खालची जागा आणि खालून स्लॅब बघायची सवय लावून घ्या.

गच्चीवर लावायचं असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. गच्ची सगळ्यांची असते, आणि गळती झाली की पहिलं बोट कुंड्यांकडेच जातं.

माझ्या चार अरेकांपैकी दोन वाचले. ते आता उत्तरेकडच्या बेडरूमच्या खिडकीशी आहेत. पश्चिमेच्या गॅलरीत गोकर्ण आहे, दोन बारा इंची कुंड्यांत, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून एक कुंती. समोरचे काका अजूनही रोज सकाळी गॅलरीत येतात. परवा त्यांनी खालून हाक मारून गोकर्णीच्या शेंगा मागितल्या. बिया पिकल्या की देणार आहे.